वज्र रेखाटणाऱ्या सावित्रीबाई

टेंभुर्णीहून पंढरपूरकडे निघालं की वाटेत करकंब लागतं. या पंचक्रोशीत ज्ञानोबा-तुकोबांची ओळख कुणाला करून द्यावी लागत नाही. पण महाराष्ट्राच्या संतांवर इंग्रजीत पुस्तक लिहिणारी एक बाई जन्माने स्विस होती आणि परमवीर चक्राचं रेखाटनही तिचंच, हे ऐकल्यावर पारावरच्या जाणत्यांच्याही भुवया उंचावतील.

माहेरचं नाव ईव्ह इव्हॉन माडे द मारोस. जन्म २० जुलै १९१३, न्यूशातेलचा. वडील हंगेरियन, आई रशियन. इंग्लंडमधल्या सँडहर्स्टला लष्करी शिक्षण घेणारे विक्रम खानोलकर सुट्टीत आल्प्सच्या बाजूला आले, तिथे दोघांची गाठ पडली. १९३२ साली लखनौत लग्न झालं आणि ईव्हच्या सावित्रीबाई झाल्या. त्यांनी नुसतं नाव बदललं नाही. मराठी, हिंदी, संस्कृत शिकल्या, पुराणं वाचली.

हे वाचन पुढे कामी आलं. स्वातंत्र्यानंतर देशाला स्वतःची शौर्यपदकं हवी होती. तोवर सर्वोच्च मान होता तो व्हिक्टोरिया क्रॉसचा. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या दोघांनी तो मिळवला होता: १९४४ मध्ये यशवंत घाडगे यांनी, मरणोत्तर, आणि १९४५ मध्ये नामदेव जाधव यांनी. नव्या पदकांची जबाबदारी मेजर जनरल हिरालाल अटल यांच्याकडे आली. त्यांनी सावित्रीबाईंना विचारलं. आपल्या हाडांचं वज्र व्हावं म्हणून देह देणारे दधिची ऋषी बाईंना चांगलेच ठाऊक होते.

परमवीर चक्राच्या मधोमध राजमुद्रा, भोवती इंद्राची चार वज्रं, वर जांभळी फीत. व्यास जेमतेम साडेतीन सेंटिमीटर. धातू? साधं कांस्य. गंमत अशी, की खालच्या पायरीवरचं महावीर चक्र चांदीचं आहे!

२६ जानेवारी १९५० रोजी हा सन्मान सुरू झाला, पण लागू झाला १५ ऑगस्ट १९४७ पासून. म्हणून पहिले मानकरी ठरले ३ नोव्हेंबर १९४७ रोजी बडगामला धारातीर्थी पडलेले मेजर सोमनाथ शर्मा. ते सावित्रीबाईंच्या लेकीचे थोरले दीर. आजवरच्या २१ मानकऱ्यांपैकी १४ जणांना तो मरणोत्तर मिळाला.

जिवंतपणी तो प्रथम स्वीकारला कारवारकडच्या रामा राघोबा राणे यांनी. एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा ते राजौरी वाटेवर बॉम्बे सॅपर्सचे हे सेकंड लेफ्टनंट जखमी असतानाही सुरुंग काढत, अडथळे हटवत रणगाड्यांना रस्ता करून देत होते. बंदुकीपेक्षा पहारीचं, दोरखंडाचं हे शौर्य अधिक सांगितलं जायला हवं.

रणांगणाबाहेरच्या शौर्यासाठीचं अशोक चक्रही सावित्रीबाईंनीच रेखाटलेलं. ते पोलिसांना आणि नागरिकांनाही मिळतं. मुंबईवरच्या हल्ल्यात २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री बळी पडलेल्या अशोक कामटे यांना २००९ च्या प्रजासत्ताकदिनी ते मरणोत्तर दिलं गेलं. सोलापूरकरांना कामटे आठवतात ते आपले पोलीस आयुक्त म्हणून. सावित्रीबाईंचं निधन त्या हल्ल्याच्या अठरा वर्षं आधीचं, २६ नोव्हेंबर १९९० चं.