काच फुटली नाही, मग गाडी उघडली कशी?

ज्यांना इअरफोन लावून ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी आजचा भाग नेहमीसारखा इथे लिहून देतोय. आजचा विषय तुमच्या खिशातच आहे, गाडीची चाबी. (पुण्याकडचे मित्र किल्ली म्हणतात. आमच्या घुग्घुसला चाबीच.)

सुरुवात आमच्या घरच्याच गोष्टीने करतो. बाबांनी मागच्या वर्षी सेकंडहँड गाडी घेतली. विकणारा म्हणाला, "दुसरी चाबी हरवली, एकच आहे." आम्ही मान डोलावली आणि गाडी घेऊन आलो. दोन महिन्यांनी एका सकाळी बाबा ड्युटीवर निघाले, तर डॅशबोर्डचा खण उघडा, आतले पैसे आणि बाबांचा चष्मा गायब. काच फुटलेली नाही, दारावर साधा ओरखडा नाही. म्हणजे कोणीतरी चाबी लावून दार उघडलं होतं. आई दोन रात्री नीट झोपली नाही. तिचा प्रश्न साधा होता, "चाबी त्याच्याकडे आहे, तर गाडी काहून नाही नेली?"

या एका प्रश्नात अख्खा विषय आहे. कारण गाडीच्या चाबीत दोन वेगवेगळ्या चाब्या असतात, एक लोखंडाची आणि एक सॉफ्टवेअरची.

लोखंडाची चाबी

कुलपाच्या आत एक गोल फिरणारा दांडा असतो, त्याला सिलिंडर म्हणू. त्यात ओळीने पितळेच्या पातळ पत्त्या बसवलेल्या असतात आणि प्रत्येकीच्या मागे केसाएवढी बारीक स्प्रिंग. पत्तीच्या मधोमध चौकोनी खिडकी असते, चाबी त्यातून जाते. गंमत अशी की ही खिडकी प्रत्येक पत्तीत वेगळ्या उंचीवर असते. चाबी नसताना पत्त्या सिलिंडरच्या बाहेर डोकावतात आणि बाहेरच्या खोबणीत अडकतात. बरोबर चाबी घातली की तिच्या खाचांमुळे सगळ्या पत्त्या एका पातळीत येतात आणि सिलिंडर फिरतो. एक पत्ती जरी अर्धा मिलिमीटर बाहेर राहिली, तरी फिरत नाही.

आता आपल्या भाषेत बोलू. समजा आठ पत्त्या आहेत आणि प्रत्येकीला चार उंच्या शक्य आहेत. म्हणजे ४ चा ८ वा घात, ६५,५३६ पासवर्ड. प्रत्यक्षात कमीच, कारण खूप खोल खाचेला लागून एकदम उथळ खाच असली तर चाबी अडकते, असे कोड कंपन्या वगळतात. शिवाय बऱ्याच गाड्यांत दाराच्या कुलपात इग्निशनपेक्षा कमी पत्त्या असतात. सहा धरल्या तर ४,०९६ च.

म्हणून चाबी म्हणजे खरं तर एक नंबर आहे. बऱ्याच नव्या गाड्यांसोबत एक छोटा बिल्ला मिळतो, त्यावर हा कोड असतो. तो जपून ठेवा. घासलेल्या चाबीवरून डुप्लिकेट काढली की तिची झीजही कॉपी होते, झेरॉक्सची झेरॉक्स काढल्यासारखं. कोडवरून कापलेली चाबी मात्र पहिल्या दिवसासारखी निघते.

सॉफ्टवेअरची चाबी

चाबीच्या प्लॅस्टिकच्या डोक्यात एक चिप असते. दार रिमोटने उघडायचं सर्किट वेगळं, त्याला सेल लागतो. या चिपला लागत नाही. इग्निशनभोवतीच्या तारेच्या रिंगमधून तिला तेवढ्यापुरती वीज मिळते. गाडी एक आकडा पाठवते, चिप गुप्त कोड वापरून उत्तर देते. उत्तर चुकलं तर इंजिन चालू राहत नाही. हाच इमोबिलायझर. युरोपात १९९८ पासून नव्या कारला तो सक्तीचा आहे. तो अभेद्य नाही. २००५ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या आणि आरएसए लॅबच्या संशोधकांनी तेव्हा लाखो गाड्यांत असलेली ४० बिटची चिप फोडून दाखवली होती. पण बाजारात बसून साधी चाबी कापून घेणाऱ्याला हे जमत नाही.

आईचं उत्तर मिळालं ना? त्या माणसाकडे लोखंडाची चाबी होती, चिप नव्हती.

मग आम्ही काय केलं?

एका ठिकाणी सांगितलं, "पूर्ण लॉक सेट बदला." खर्च ऐकून बाबा गप्प झाले. मग चंद्रपूरच्या एका चाबीवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी आधी आरसी आणि बाबांचं ओळखपत्र पाहिलं. (जो चाबीवाला कागद मागत नाही, त्याच्याकडे जाऊ नका.) मग म्हणाले, "लॉक फेकाचं काही काम नाही बाबू. आतल्या पत्त्या बदलू."

आपल्याला वाटतं, कुलूप आधी आणि चाबी नंतर. काकांनी उलटं केलं. आधी नव्या कोडची चाबी कापली. मग दार, डिकी आणि इग्निशन, तिन्ही सिलिंडर बाहेर काढले. नवी चाबी आत घालून बोटाने पाहिलं, कोणत्या पत्त्या बाहेर येतात. फक्त त्या काढून योग्य नंबरच्या बसवल्या. सगळ्या समपातळीत आल्यावर सिलिंडर परत घातला. मला सगळ्यात आवडलं ते हे, की तिन्ही कुलपांत असलेल्या जागांवरच त्यांनी खाचा बदलल्या. नाहीतर इग्निशन बदललं असतं आणि दार जुन्याच चाबीने उघडत राहिलं असतं!

शेवटी स्टिअरिंगखालच्या पोर्टला मशीन लावून जुन्या सगळ्या चिप पुसल्या आणि दोन नव्या नोंदवल्या. पासवर्ड बदलून सगळीकडून लॉगआउट करतो ना, तेच.

सिलिंडर धुताना काळा चिखल निघाला. घुग्घुसची कोळशाची धूळ, त्यात आम्ही वर्षभर ओतलेलं तेल. काका म्हणाले, ग्रॅफाइट पावडर टाका. मी विचारलं, तोही कार्बनच ना? फरक असा, ग्रॅफाइटचे थर एकमेकांवरून घसरतात. कोळशाच्या धुळीत मातीचे खरखरीत कण असतात, ते तेलात चिकटून पत्त्या अडवतात.

जाता जाता

सेकंडहँड गाडी घेताना दोन्ही चाब्या मागा. गाडी चोरीला गेली, तर विमा कंपनीही दोन्ही मागते. एकच मिळाली, तर भाव कमी करा आणि त्याच आठवड्यात पत्त्या आणि चिप दोन्ही बदलून घ्या. आम्ही दोन महिने थांबलो, तेच चुकलं.

बाबांचा चष्मा काही परत आला नाही. आई मात्र झोपते आता. तुमच्या गाडीची दुसरी चाबी कुठे आहे? आज घरी जाऊन बघा. भेटू पुढच्या भागात!