ग्रीकांचा एक ‘प्रेपि’, इंग्रजीचे तीन

ग्रीसमध्ये शाळा सुटली की मुलं ‘फ्रोन्दिस्तिरिओ’त, म्हणजे खासगी क्लासला जातात. केंब्रिज किंवा मिशिगनचं प्रमाणपत्र मिळवायचं असतं. शब्द पाठ होतात, काळही जमतात. घोळ होतो तो ‘मच’, ‘मेनी’, ‘मस्ट’ अशा चिमुकल्या शब्दांत.

ग्रीकमध्ये ‘पुष्कळ’साठी शब्द एकच. नामाप्रमाणे त्याचं रूप तेवढं बदलतं: पुष्कळ पाणी ‘पोली नेरो’, पुष्कळ पुस्तकं ‘पोला विव्लिआ’. म्हणजे नामाचं लिंग, वचन आणि विभक्ती पाहिली की झालं. इंग्रजी मात्र विचारते, वस्तू मोजता येते का? इथेच गडबड. ग्रीकमध्ये पैसे (‘लेफ्ता’), माहिती (‘प्लिरोफोरिएस’), डोक्यावरचे केस (‘मालिआ’) सर्रास अनेकवचनात येतात. मग ‘मेनी मनी’, ‘मेनी इन्फर्मेशन्स’ ओघानंच आलं. आपल्याकडेही पैसे अनेकवचनीच, त्यामुळे मराठी माणसानं हसू नये.

क्रियापदांचं दुखणं वेगळं. ‘मस्ट’, ‘हॅव टू’, ‘शुड’ या तिघांचं काम ग्रीकमध्ये बहुधा एकटा ‘प्रेपि’ करतो. माणूस बदलला तरी ‘प्रेपि’ तसाच राहतो. बदलतं ते पुढचं क्रियापद: ‘प्रेपि ना पाओ’ म्हणजे मला जायला हवं, ‘प्रेपि ना पास’ म्हणजे तुला. मधला ‘ना’ गाळून चालत नाही. त्या सवयीनं इंग्रजीतही ‘आय मस्ट टू गो’ होतं. ‘बोरो’ म्हणजे मी करू शकतो. पण ‘बोरि ना व्रेक्सि’ म्हणजे कदाचित पाऊस पडेल. त्यामुळे उद्याच्या पावसाबद्दलही ‘मे’ऐवजी ‘कॅन’ तोंडात येतं.

खरा धोका नकारात आहे. ‘हॅव टू’ म्हणजे ‘प्रेपि’ असं घोकलेला विद्यार्थी ‘यू डोन्ट हॅव टू पे’ वाचतो आणि मनात ‘देन प्रेपि’ म्हणतो. त्याचा अर्थ मनाई! ‘पैसे द्यायची गरज नाही’चं झालं ‘पैसे देऊ नकोस’. खरं तर या सवलतीसाठी ग्रीकमध्ये ‘देन ख्रिआझेते’ हा स्वतंत्र प्रयोग रोजच्या बोलण्यात आहे.

म्हणून होकार आणि नकार वेगवेगळे शिकवावेत. ‘मस्टन्ट’ला ‘देन प्रेपि’ची जोड द्यावी, ‘डोन्ट हॅव टू’ला ‘देन ख्रिआझेते’ची, आणि ‘मनी’, ‘इन्फर्मेशन’ यांची यादी ‘मच’सोबतच पाठ करून घ्यावी. चूक घरच्या भाषेच्या कोणत्या नियमातून आली हे कळलं, तर मुलांना रागावण्यात तास वाया जात नाही.