धूर, चिखल आणि मामाची आरएक्स

जुनी बाईक रेससाठी ‘तयार’ करायची म्हणजे नेमकं काय? सायलेन्सर काढला, आवाज वाढवला, की झालं? छे! फोंडाघाटच्या एका गॅरेजमध्ये घालवलेल्या वीकेंड्सची ही गोष्ट...

डेडलाईन, ट्रॅफिक, बॉसचे मेल... यातून सुटका म्हणून वीकेंडला कुणी महाबळेश्वर गाठतं, कुणी मॉल. मी मात्र गेल्या हिवाळ्यात दर पंधरा दिवसांनी फोंडाघाट गाठत होते. कणकवली तालुक्यात, घाटाच्या अगदी पायथ्याशी माझं आजोळ आहे. तिथे मामाच्या पडवीत, ताडपत्रीखाली ‘ती’ उभी होती. यामाहा आरएक्स हंड्रेड, 1994 मॉडेल, काळी. टाकीवर एक पोच.

मामा जाऊन दोन वर्षं झाली. याच गाडीवरून तो घाट चढून दाजीपूर, राधानगरी, कोल्हापूर करायचा. धुक्यात समोर गवा उभा राहिला, मामाने ब्रेक मारला, गाडी घसरली आणि टाकीला पोच आली, ही गोष्ट आम्ही भावंडांनी शंभर वेळा ऐकलीय.

आता माझ्या मामेभावाला हीच गाडी डर्ट ट्रॅकवर पळवायची होती. ‘ताई, मागची फ्रेम कापायची, सस्पेन्शन उचलायचं, टाकी बदलायची. ओळखूच येणार नाही बघ!’

मामी ओट्याजवळून एवढंच म्हणाली, ‘काय करूचा ता कर, पण मागीर गाडी वळखाक येवक व्हयी.’

झालं! अख्खा प्रोजेक्ट या एका वाक्यावर अडकला.

आरएक्सच का?

आरएक्स हंड्रेड आपल्याकडे आली 1985 मध्ये, बंद झाली 1996 मध्ये. इंजिन जेमतेम 98 सीसी, ताकद 11 हॉर्सपॉवर. आजच्या बाईकपुढे किरकोळ वाटेल. पण गाडीचं वजन शंभर किलोच्या आसपास आणि इंजिन टू-स्ट्रोक. फोर-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदा स्फोट होतो, इथे प्रत्येक फेरीला. म्हणून ती अशी उसळते. शिवाय इंजिन इतकं साधं, की मोजक्या पान्यांत उघडतं.

खरी मोटोक्रॉस बाईक वेगळीच चीज असते. पुढे 21 इंची चाक, साधारण 300 मिलिमीटर खालीवर होणारं सस्पेन्शन, अंगावर एक दिवा नाही. जानेवारी 2024 मध्ये पुण्याच्या बालेवाडीत इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी झाली, तेव्हा अशाच परदेशी गाड्या हवेत उडताना लोकांनी पाहिल्या. त्यांच्या किमती ऐकल्या की आपल्यासारखे लोक परत आरएक्सकडे वळतात.

आणि त्यात कमीपणा काही नाही हं! 1924 मध्ये इंग्लंडमधल्या कॅम्बर्लीला या खेळाची पहिली शर्यत झाली, तेव्हा वेगळी मोटोक्रॉस बाईक होतीच कुठे? नेहमीच्याच गाड्या लोकांनी चिखलात घातल्या. इंजिनापेक्षा सस्पेन्शन महत्त्वाचं, हे पुढे कळत गेलं. 1973 मध्ये स्वीडनच्या हाकान अँडरसनने 250 सीसीचं जगज्जेतेपद जिंकलं, ते मागे एकच शॉकअप असलेल्या यामाहावर. त्यानंतर दोन शॉकअपवाल्या गाड्यांचे दिवस भरत आले.

माझा भाऊ म्हणूनच फ्रेम कापायला निघाला होता. शॉकअपच्या जागा पुढे सरकवून नव्याने वेल्ड केल्या, की मागचं चाक जास्त खालीवर होतं. म्हणजे त्याचं चूक नव्हतंच.

ग्राइंडर फिरलो तर फिरलो

तोडगा काढला बाजारातल्या मेस्त्रींनी. गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाले, ‘नट खोललो तर परत बसता. ग्राइंडर फिरलो तर फिरलो.’

तोच आमचा नियम ठरला. जे नट-बोल्टने निघतं तेच काढायचं. फ्रेमला हात नाही.

दिवे, इंडिकेटर, आरसे, साडी गार्ड निघाले. मूळ टाकी, चाकं, सायलेन्सर, कार्ब्युरेटर पुसून, तेलाचा हात देऊन गोणपाटात गेले. त्यांच्या जागी दुसऱ्या गाडीची टाकी, खाचांचे टायर, रुंद हँडल, पुढच्या फोर्कमध्ये घट्ट ऑईल. इंजिनाचं बॅरलसुद्धा जुन्या बाजारातून दुसरं आणलं आणि कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरात बोअर करून घेतलं. मग मेस्त्रींनी त्याचा एक्झॉस्ट पोर्ट किंचित वर घासला. किंचित म्हणजे मिलिमीटरच्या आतबाहेर! टॉप स्पीडला ताकद वाढते, पण खालचा पिकअप जातो. फुकट काहीच मिळत नाही.

सायलेन्सरच्या जागी फुगीर एक्स्पान्शन चेंबर आला. त्याचा फुगा शोसाठी नसतो. धुराबरोबर जाणारी दाबाची लाट त्याच्या निमुळत्या टोकावर आपटून परत येते आणि बाहेर निसटणारं ताजं पेट्रोल सिलिंडरमध्ये मागे ढकलते. आहे की नाही आयडिया?

...आणि गाडी जाम

टेस्टिंगला भात कापून झालेला मळा होता आणि जंपला मेरा! तिसऱ्या फेरीला भावाने पूर्ण थ्रॉटल दिला. आवाज एकदम बारीक झाला आणि मागचं चाक लॉक! त्याने क्लच दाबला म्हणून वाचला.

प्लग काढून पाहिला, तर पांढराफटक. बिस्किटी रंग असता तर सगळं आलबेल. पांढरा म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. चेंबर बदलला, एअर फिल्टर मोकळा केला, पण कार्ब्युरेटरचा मेन जेट लहानच राहिला होता. टू-स्ट्रोकमध्ये ऑईल पेट्रोलबरोबरच आत जातं. त्यामुळे पेट्रोल कमी म्हणजे वंगणही कमी. पिस्टन तापून फुगला आणि अडकला.

भावाचा चेहरा उतरला. मी म्हटलं, ‘अरे, मामाचं बॅरल गोणपाटात आहे ना!’ तो पहिल्यांदाच हसला. बॅरल पुन्हा कोल्हापूरला, ओव्हरसाईज पिस्टन, मोठा जेट.

रेसचा दिवस

गाडी टेम्पोत घालून नेली. नऊ जणांत तो सातवा आला. सरळ पट्ट्यात दोघांना मागे टाकलं, पण प्रत्येक जंपनंतर मागचं चाक खाडकन आपटायचं आणि ते दोघं परत पुढे. फ्रेम कापली असती तर? कदाचित पाचवा. हे त्यालाही माहीत होतं.

शिमग्याला गोणपाट उघडलं. संध्याकाळपर्यंत सगळं जागेवर बसलं. किक मारली. मामी हात पुसत बाहेर आली, गाडीभोवती फिरली, टाकीवरची पोच बोटाने चाचपली.

‘वळखाक इली,’ एवढंच म्हणाली.

रात्री भाऊ हळूच माझ्याकडे आला. ‘ताई, कणकवलीत एक मोडकी आरएक्स विकायला आहे. तिची फ्रेम कापायला कुणाची हरकत नसेल ना?’

करून बघायचंय?

• आधी हेल्मेट, बूट, नी-गार्ड, चेस्ट प्रोटेक्टर. मग एक्स्पान्शन चेंबर.

• रेससाठी बदललेली गाडी रस्त्यावर नको. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचं कलम 52 असे बदल मनमानी करू देत नाही.

• राष्ट्रीय स्पर्धेत उतरायचं तर एफएमएससीआयचं लायसन्स लागतं.

• सरकारच्या 2021 च्या नियमांनुसार ‘व्हिंटेज’ म्हणजे पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षांहून जुनी गाडी, तीही चासी-इंजिनात फेरफार न केलेली. म्हणजे सर्वांत जुनी आरएक्ससुद्धा 2035 नंतरच! तोवर मूळ पार्ट जपा.