घोटा दुखतोय? आधी बुटाचा तळ बघा

लखनौहून बोलतोय. मागच्या भागात आपण गुडघ्याबद्दल बोललो होतो. आज गुडघ्याच्या खाली उतरू या. आजचा विषय घोटा आणि सायकलच्या बुटाखालची ती छोटी पट्टी, म्हणजे क्लीट. वाचताना मोजपट्टी, एक पेन आणि तुमचे सायकलचे बूट जवळ ठेवलेत तर बरं होईल.

आधी माझी गोष्ट सांगतो, कारण यात चूक माझीच होती.

मी मूळचा सोलापूरचा, नोकरीमुळे लखनौत स्थिरावलेला. सत्तेचाळिसाव्या वर्षी रक्तातली साखर काठावर आली. डॉक्टर म्हणाले, सहा महिने व्यायाम करा, नाहीतर गोळी सुरू करू. वडिलांना मधुमेहाने किती छळलं ते मी घरात पाहिलेलं. मी सायकल घेतली. पहाटे गोमतीच्या काठाने, मग जनेश्वर मिश्र पार्कच्या बाजूने, रविवारी बाराबंकीपर्यंत जाऊन परत, म्हणजे साधारण ६० किलोमीटर. साखर खाली आली आणि माझी मान वर झाली. मग २०० किलोमीटरची ब्रेव्हे करायचं ठरलं. साडेतेरा तासांत २०० किलोमीटर. त्यासाठी क्लीटचे बूट आणि पेडल आणले आणि एका संध्याकाळी व्हिडिओ बघत बघत मीच क्लीट बसवल्या. पुढे जितक्या जातील तितक्या पुढे. म्हटलं, चवड्याच्या टोकाने दाबलं की जोर जास्त लागेल. भरीला सीटही दीडएक सेंटिमीटर वर केली, कारण फोटोतल्या शर्यतवाल्यांची सीट उंच दिसायची.

तीन आठवड्यांत उजव्या टाचेच्या वर, मागच्या बाजूला दुखायला लागलं. सकाळी पलंगावरून उतरलो की पहिली दहा पावलं लंगडत. मी दुर्लक्ष केलं. डिसेंबरच्या धुक्यात, कडाक्याच्या थंडीत एका रविवारी परतीच्या वाटेवर पाय टेकवेना. सायकल टेम्पोत टाकून घरी आलो. सायकल बंद, चालणंही बंद. दोन महिन्यांनी तपासणी केली तर साखर पुन्हा काठावर. त्या दिवशी मला समजलं, हे नुसतं घोट्याचं दुखणं नाही. या एका सांध्यावर माझा सगळा बेत उभा होता.

फिजिओथेरपिस्टकडे गेलो. पाय पुढे केला तर ते म्हणाले, "पैर बाद में देखेंगे, पहले जूता दिखाइए." बूट उलटा केला आणि हसले.

घोट्यात नेमकं काय होतं?

पोटरीचे स्नायू खाली येऊन एका जाड दोरीसारख्या कंडरेने टाचेच्या हाडाला जोडलेले असतात. हिला अकिलिस कंडरा म्हणतात. आपण पेडल दाबतो तेव्हा जोर मांडीतून आणि नितंबातून येतो. पण तो पेडलपर्यंत पोचतो पावलामधून. पाऊल घोट्यात सैल पडलं तर जोर वाया जाईल. म्हणून पोटरी पाऊल धरून ठेवते. पाण्याची बादली हात वाकवून धरली तर कोपराला जितकी ओढ बसते, तितकी हात पुढे लांब केल्यावर खांद्याला कितीतरी जास्त बसते. बादली तीच, अंतर वाढलं. इथेही तसंच. घोट्यापासून पेडलच्या दांड्यापर्यंतचं अंतर जितकं जास्त, तितकी पोटरीवर आणि त्या कंडरेवर ओढ जास्त.

समजा हे अंतर १३ सेंटिमीटर आहे. क्लीट मागे घेऊन ते १२ केलं, तर तेवढ्याच जोराला घोट्यावरचा भार साधारण ८ टक्क्यांनी कमी होतो. ८ टक्के म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण मिनिटाला ८० फेऱ्या धरल्या तर तासाला एका पायाच्या ४८०० फेऱ्या होतात, तीन तासांत १४,४००. एवढ्या वेळा ८ टक्के जास्त, हा हिशेब कंडरा विसरत नाही.

लखनौची आणखी एक गंमत आहे. पुण्या-नाशिककडे घाट लागतो. चढावर माणूस सीटवरून उठतो, उतारावर पाय थांबतात. इथे सगळं सपाट. उतार नाही म्हणजे विश्रांती नाही. एकाच बैठकीत तासन्‌तास पाय फिरत राहतात. त्यामुळे बैठकीतली बारीक चूकसुद्धा इथे लवकर बाहेर येते. नागपूरकर आणि लातूरकर मंडळींनीही हे लक्षात ठेवावं.

क्लीट आली कुठून?

पूर्वी शर्यतवाले पेडलवर पिंजरा आणि चामडी पट्टा लावून पाय आवळायचे. १९८४ मध्ये लुक या फ्रेंच कंपनीने बर्फावरच्या स्कीच्या खटक्यावरून सुचलेलं पेडल आणलं आणि १९८५ मध्ये बर्नार इनो त्यावर टूर द फ्रान्स जिंकला. पिंजरा, म्हणजे क्लिप, गेली म्हणून या पेडलला 'क्लिपलेस' म्हणतात. बूट खटकन अडकतो, टाच बाहेर फिरवली की सुटतो. पण यात एक मेख आहे. साध्या पेडलवर पाय दुखला की आपण नकळत सरकवतो. क्लीटमध्ये पाय सरकत नाही. बरोबर बसवली तर हजारो फेऱ्या बरोबर, चुकीची बसवली तर हजारो फेऱ्या चुकीच्या. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये अमेरिका आडवी पार करणारी सुमारे ४८०० किलोमीटरची 'रेस अक्रॉस अमेरिका' दोघांच्या संघाने पूर्ण केली. इतक्या लांब पल्ल्यात एक मिलिमीटरलाही किंमत असते.

आधी सीट, मग क्लीट

लखनौ म्हणजे 'पहले आप'चं शहर, पण इथे तो शिष्टाचार चालत नाही. क्रम ठरलेला आहे. सीट फार उंच असेल तर पेडल खाली गेल्यावर पाय पोचत नाही, मग बोटं खाली झुकवून आपण ते गाठतो आणि पोटरी सतत आवळलेली राहते. सीट फार खाली असेल तर टाच खाली पडते आणि कंडरा ताणली जाते.

घरच्या घरी तपासायचं असेल तर भिंतीला धरून सायकलवर बसा. पेडल सगळ्यात खाली न्या आणि त्यावर टाच ठेवा. पाय सरळ व्हायला हवा, पण कंबर एका बाजूला कलता कामा नये. आता चवडा पेडलवर ठेवा. गुडघा थोडा वाकलेला दिसेल. मोजणाऱ्यांच्या भाषेत हा वाक २५ ते ३५ अंश असतो. सीट बसली की मगच बूट हातात घ्या.

क्लीटच्या तीन हालचाली

एक सूत्र आधी पाठ करा. क्लीट जिकडे सरकवाल त्याच्या उलट पाय सरकतो, कारण क्लीट पेडलमध्ये अडकलेली असते, हलतो तो बूट. बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो.

पहिली हालचाल पुढे-मागे. बूट घाला. अंगठ्यामागे आतल्या बाजूला हाडाचा उंचवटा लागतो, तिथे बुटावर चिकटपट्टी लावून खूण करा. करंगळीमागे बाहेरच्या बाजूला तसाच उंचवटा असतो, तिथे दुसरी खूण. पेडलचा दांडा या दोन खुणांच्या मधल्या पट्ट्यात यायला हवा. मागच्या बाजूने घोटा किंवा पोटरी दुखत असेल तर क्लीट टाचेकडे घ्या. माझी क्लीट अंगठ्याच्या खुणेच्याही पुढे होती. ती मी टप्प्याटप्प्याने ८ मिलिमीटर मागे घेतली. क्लीट मागे गेली की पायाची पोच थोडी कमी होते, म्हणून ५ मिलिमीटर मागे घेतल्यास सीट दोनएक मिलिमीटर खाली घ्यावी.

दुसरी हालचाल कोनाची. टेबलाच्या कडेवर बसा, पाय मोकळे लोंबू द्या आणि वरून बघा. पावलं कुठे वळलीत? बहुतेकांची थोडी बाहेर वळतात, आणि दोन्ही सारखी वळतीलच असं नाही. पाय जसा आहे तसा क्लीटने मानला पाहिजे. पाऊल बाहेर वळू द्यायचं असेल तर क्लीटचं नाक अंगठ्याकडे फिरवा. घोट्याच्या आतून किंवा बाहेरून दुखत असेल तर आधी हा कोन बघा.

इथे रंगांचा एक सापळा आहे. क्लीटमध्ये पाय थोडा डावी-उजवीकडे फिरण्याची मोकळीक असते. शिमानोच्या तीन बोल्टवाल्या क्लीटमध्ये पिवळीला ६ अंश, निळीला २ अंश आणि लालला शून्य मोकळीक असते. लुक किओमध्ये मात्र लालला सगळ्यात जास्त, ९ अंश, राखाडीला साडेचार आणि काळीला शून्य. म्हणजे एकीकडची लाल दुसरीकडच्या लालच्या बरोबर उलट. दुकानात 'लाल द्या' म्हणू नका, कंपनी सांगा. नवशिक्यांनी आणि घोटा दुखणाऱ्यांनी शून्यवाली घेऊ नये.

तिसरी हालचाल आत-बाहेर. सुरुवातीला क्लीट मध्यावर ठेवा. टाच क्रँकला घासत असेल तर क्लीट आतल्या बाजूला, अंगठ्याकडे सरकवा. पाय बाहेर जाईल.

करायचं कसं?

बोल्ट सैल करण्याआधी क्लीटभोवती पेनाने रेघ मारा. बिघडलं तर परत यायला घर हवं. मग ४ मिलिमीटरची ॲलन की घ्या. एका वेळी एकच बदल करा, तोही एक-दोन मिलिमीटर. बोल्टच्या आट्यांना किंचित ग्रीस लावा आणि ५ ते ६ न्यूटन-मीटरपर्यंत आवळा. तानपुऱ्याची खुंटी पिळताना सूर ऐकत पिळतात. १९२६ मध्ये भातखंडे यांनी जिथे संगीताचं कॉलेज काढलं त्या लखनौत राहून एवढं तरी शिकायला हवं. तसंच इथे. वीस मिनिटं सपाट रस्त्यावर हलक्या गिअरमध्ये चालवा, दुसऱ्या दिवशी सकाळी पाय काय म्हणतो ते बघा, मगच पुढचा बदल. क्लीट झिजली असेल, बूट पेडलवर डुलत असेल, तर कितीही मोजमाप करा, उपयोग नाही. आधी क्लीट बदला.

आणि घोटा पुढून दुखत असेल तर? बऱ्याचदा बुटाचा वरचा पट्टाच करकचून आवळलेला असतो. तो आधी सैल करून बघा.

फक्त क्लीटने भागत नाही

मी डॉक्टर नाही, म्हणून हे स्पष्ट सांगतो. मागून काठीचा फटका बसल्यासारखं होऊन 'टप्' आवाज आला, पायावर भार देता येत नाही, घोटा सुजून गरम झाला आहे, किंवा पोटरी एकाएकी सुजली आहे, तर ॲलन की खाली ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. आणखी एक. जुलाबावर किंवा लघवीच्या संसर्गावर सिप्रोफ्लॉक्सॅसिन, लेव्होफ्लॉक्सॅसिन ही औषधं आपल्याकडे सर्रास घेतली जातात. या गटातल्या औषधांनी कंडरा दुखावण्याचा, क्वचित तुटण्याचाही धोका वाढतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ मध्ये त्यावर ठळक इशारा छापायला लावला. अशी गोळी चालू असताना टाचेमागे दुखायला लागलं तर डॉक्टरांना लगेच सांगा.

दुखावलेली कंडरा नुसत्या आरामाने मजबूत होत नाही, तिला मोजून काम द्यावं लागतं. स्वीडनच्या अल्फ्रेडसन यांनी १९९८ मध्ये मांडलेला व्यायाम आजही दिला जातो. पायरीच्या कडेवर चवड्यांनी उभं राहायचं, दोन्ही पायांवर वर जायचं आणि दुखऱ्या एका पायावर हळूहळू टाच खाली आणायची. १५ वेळा, असे ३ फेरे गुडघा सरळ ठेवून आणि ३ फेरे वाकवून, दिवसातून दोनदा, १२ आठवडे. मात्र दुखणं अगदी टाचेच्या हाडाला लागून असेल तर टाच पायरीखाली नेऊ नये. म्हणून हा व्यायाम एकदा फिजिओला दाखवून, विचारून सुरू करा.

थंडीत पहिली दहा मिनिटं हलका गिअर ठेवा. जड गिअर रेटण्यापेक्षा हलक्या गिअरमध्ये पाय जास्त वेळा फिरवले तर प्रत्येक फेरीचा भार कमी होतो. आणि आठवड्याचं अंतर एकदम वाढवू नका. क्लीट चुकली हे खरं, पण त्याच महिन्यात मी अंतरही दुप्पट केलं होतं. दोन्ही मिळून घोटा गेला.

त्या हिवाळ्यात माझी ब्रेव्हे हुकलीच. मार्चमध्ये पंधरा मिनिटांपासून सुरुवात केली, गोमतीकाठी, हलक्या गिअरमध्ये, लहान मुलं मला मागे टाकून जात होती. बारा आठवडे पायरीवर उभा राहिलो, एकही दिवस चुकवला नाही. पुढच्या हिवाळ्यात २०० किलोमीटर झाले, साडेबारा तासांत. पण खरा आनंद त्याआधी ऑगस्टमध्येच झाला होता, तपासणीचा कागद हातात आला तेव्हा. साखर पुन्हा खाली होती.

तेव्हा मंडळी, आज रात्री बूट उलटा करून बघा. पुढच्या भागात हाताला येणाऱ्या मुंग्या आणि हँडलची उंची यांबद्दल बोलू. तोवर सांभाळून चालवा, आणि सकाळची पहिली दहा पावलं लंगडत पडत असतील तर ते कुणाला तरी सांगा. मी सांगितलं नव्हतं.