दोन चुलींवर बारा पानें

कल्याणहून कर्जतकडे जातांना वांगणी आणि नेरळ यांच्यामध्यें शेलू हें स्थानक लागतें. मुंबईहून येथवर गाडीला सुमारें दोन तास लागतात. येथल्या एखाद्या घरीं रविवारीं पाहुणे यावयाचे असले म्हणजे ते एकेकटे येत नाहींत; एकाच गाडीनें दहाबारा माणसें उतरतात आणि तीं सारीं एकाच वेळीं भुकेलेलीं असतात. घरांत मात्र गॅसच्या शेगडीला चुली दोनच. ओट्यावर विजेची भट्टी असलीच तर तिच्यांत एक थाळी मावते आणि दुसरी बाहेर खोळंबते. मग गृहिणी पहांटे उठून सगळेंच एकदम करूं लागते, आणि पाहुणे गप्पा मारीत बसले असतां स्वतः कढईपुढें उभी राहते. ज्यांच्यासाठीं हा खटाटोप, त्यांच्याशीं चार शब्द बोलावयाचे राहूनच जातें.

या बाबतींत जुनी मातीची चूल अधिक शहाणी होती. तिच्या शेजारीं वैल असे. मुख्य चुलीची आंच वळून वैलाखालीं जाई आणि तेथें ठेवलेली आमटी निराळें जळण न लागतां ऊन राही. शिजविणें आणि ऊन राखणें हीं दोन कामें वेगळीं आहेत, हें त्या रचनेंतच गृहीत धरलेलें होतें. गॅसच्या शेगडीला वैल नाहीं. म्हणून तें काम घड्याळाकडून करून घ्यावें लागतें.

बेत ठरवितांना प्रत्येक पदार्थाला एकच प्रश्न विचारावा: तूं थांबशील काय?

श्रीखंड आनंदानें थांबतें. शनिवारीं सकाळीं दहीं टांगावें, रात्रीं चक्क्यांत साखर व केशर फेटून ठेवावें. त्याला आंच लागतच नाहीं. डाळिंब्यांची उसळ ही मात्र चार दिवसांची कामगिरी. भाताचें पीक निघाल्यावर जमिनींत उरलेल्या ओलीवर या भागांत वाल घेतात, तेव्हां कडवे वाल हें येथलें हक्काचें कडधान्य. ते गुरुवारीं रात्रीं भिजत घालावे, शुक्रवारीं सकाळीं फडक्यांत बांधावे आणि शनिवारीं दुपारीं मोड आले म्हणजे कोमट पाण्यांत टाकून सोलावे. सोलावयास घरांतील मुलांना बसवावें; निम्म्या डाळिंब्या जमिनीवर उडतील, परंतु काम होईल. त्या रात्रीं शिजवूं मात्र नयेत. शिजलेली डाळिंबी दुसऱ्यांदा ढवळली कीं मोडते आणि उसळीचें पिठलें होतें.

कोथिंबिरीच्या वड्यांचे उंडे शनिवारींच उकडून ठेवावे. थंड झालेला उंडा कापतांना तुटत नाहीं, आणि रविवारीं तळणें तेवढें उरतें. पोळ्या सकाळीं करून फडक्यांत गुंडाळल्या तर दुपारपर्यंत मऊ राहतात. कोशिंबिरीला मीठ आणि दहीं पान वाढतांनाच लावावें. पुरीचा हट्ट सोडावा हें बरें: ती थांबत नाहीं, आणि बारा माणसांच्या पुऱ्या म्हणजे एक चूल तासभर अडली.

आमटी मुरल्यावर अधिक चांगली लागते, म्हणून ती आदल्या रात्रीं करण्यास हरकत नाहीं. परंतु खोल पातेल्यांतील आमटीचा मध्यभाग कित्येक तास कोमट राहतो, आणि जंतूंना नेमकें तेंच हवें असतें. ती पसरट भांड्यांत ओतून, तीं भांडीं थंड पाण्याच्या परातींत ठेवावीं आणि दोन तासांच्या आंत शीतकपाटांत न्यावीं. दुसऱ्या दिवशीं नुसती ऊन न करतां चांगली उकळावी.

भाताची गोष्ट याहून नाजूक आहे. तांदुळाबरोबर बॅसिलस सिरियस नांवाच्या जंतूचे बीजाणु येऊं शकतात, आणि ते उकळण्यानेंही मरत नाहींत. भात तासन्‌तास कोमट राहिला कीं ते वाढीस लागून विष तयार करतात. तें विष भात पुन्हां तापविल्यानें जात नाहीं. सकाळचा भात ओट्यावर झांकून ठेवून दुपारीं वाढणें म्हणूनच धोक्याचें. पाहुण्यांची गाडी कल्याणहून सुटल्याचा निरोप आला कीं भात चढवावा. शिजतांच झांकण घट्ट बसवून पातेलें गोधडींत गुंडाळावें. पंगत बसेपर्यंत तो वाफाळता राहतो आणि चूल वड्यांच्या कढईला मोकळी होते. 1867 सालीं पॅरिसच्या प्रदर्शनांत नॉर्वेहून आलेली एक स्वयंपाकाची पेटी मांडली होती. उकळी आलेलें भांडें तिच्यांत ठेवलें कीं विस्तवाशिवाय अन्न शिजत राही. आपली गोधडी त्याच तत्त्वावर चालते.

बेत थंडींतील संध्याकाळचा असेल आणि घरापुढें मोकळी जागा असेल, तर अर्धा स्वयंपाक घराबाहेरच काढतां येतो. रायगडची पोपटी ती हीच. मातीच्या मडक्यांत तळाशीं भांबुर्ड्याचा पाला घालावा. त्यावर वालाच्या कोवळ्या भरल्या शेंगा, मीठ व ओवा, मधूनमधून बटाटे, रताळीं, अंडीं. खाणारे असतील तर मसाला लावलेली कोंबडी केळीच्या पानांत बांधून. पाण्याचा थेंबही घालूं नये. तोंडाशीं पुन्हां पाला दाबून मडकें उपडें ठेवतात आणि भोंवतीं पेंढा, गोवऱ्या व काटक्या रचून पेटवितात. शेंगांतील ओलावाच वाफ होतो. वाफ वर चढते आणि वर तर मडक्याचा बंद तळ, त्यामुळें ती आंतच कोंडून राहते. खालचा ओला पाला शेंगांना करपूं देत नाहीं आणि आपला उग्र गंधही त्यांना देतो. अर्ध्यापाऊण तासांत एकाच मडक्यांत चार पदार्थ होतात, तेही एकही चूल न अडवितां. विशेष म्हणजे जाळ सारावयास पाहुणेच पुढें सरसावतात, आणि यजमानीण त्यांच्यांत येऊन बसूं शकते. मडक्यावर पाणी शिंपडून तें चर्रकन उडून गेलें कीं विस्तव बाजूला सारावा, मडकें काठीनें उलथावें आणि पाला काढून शेंगा वर्तमानपत्रावर ओताव्या.