परक्या प्रोसेसरवरच दिसणारी चूक

सी भाषेतला एक छोटासा प्रोग्रॅम घ्या. फाइल उघडायची, एकेक अक्षर वाचायचं, फाइल संपली की थांबायचं. संपल्याची खूण म्हणून वाचणारं फंक्शन सहसा उणे १ देतं. समजा, ती खूण ठेवायला ‘इंट’ऐवजी एका बाइटचा ‘कॅर’ वापरला. इंटेलच्या लॅपटॉपवर हा प्रोग्रॅम वर्षानुवर्षं बिनतक्रार चालतो. आर्म प्रोसेसरच्या लिनक्सवर नेला, की थांबायचं नावच घेत नाही! तिथे ‘कॅर’मध्ये उणे संख्या बसत नाहीत. उणे १ चे होतात २५५, आणि २५५ काही उणे १ शी जुळत नाहीत. चूक पहिल्या दिवसापासून कोडमध्येच होती. इंटेलवर ती झाकली गेली होती.

याहून नवलाचा प्रकार आयबीएमच्या मेनफ्रेमवर, म्हणजे एस३९०एक्सवर घडतो. चार बाइटांत १ लिहायचा तर इंटेल ०१ ०० ०० ०० असा ठेवतो, मेनफ्रेम ०० ०० ०० ०१ असा, म्हणजे मोठा बाइट आधी. एकाने मेमरी जशीच्या तशी फाइलीत ओतली आणि दुसऱ्याने ती वाचली, तर १ चे थेट १,६७,७७,२१६ होतात. प्रोग्रॅम कोसळत नाही, कुरकुरतही नाही. नुसतं उत्तर चुकतं, आणि हेच मला सगळ्यात भयंकर वाटतं.

पण मेनफ्रेम काही कुणाच्या टेबलावर नसतो. इथेच कंटिन्युअस इंटिग्रेशनची कमाल दिसते: कोड बदलला की तो आपोआप कंपाइल होतो, चाचण्या चालतात, निकाल समोर येतो. डेबियन या लिनक्स वितरणाच्या स्वयंसेवकांनी असंच जाळं पॅकेजांसाठी उभारलंय. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ची अधिकृत आर्किटेक्चर्स सात. रिस्क-फाइव्ह त्यात पहिल्यांदाच आलं. या सातांत मोठा बाइट आधी ठेवणारं एकटं एस३९०एक्स. तिथली बिल्ड फसली, तर तिची लॉग जगात कुणालाही वाचता येते.

खरं यंत्र नसेल तर क्यूईएमयू हे सॉफ्टवेअर त्याची हुबेहूब नक्कल करतं. वेग मंदावतो, पण बाइटांचा उलटा क्रम लगेच पकडला जातो. मात्र आर्म किंवा पॉवर प्रोसेसरवर दोन थ्रेडांना मेमरीतले बदल वेगळ्या क्रमाने दिसतात, त्यातून होणाऱ्या चुका इंटेलवरच्या नकलेत बहुधा निसटतात. त्यासाठी खरं सिलिकॉनच हवं.

हा दूरदेशीचा प्रश्न नाही. आयआयटी मुंबईत घडलेला ‘अजित’ प्रोसेसर स्पार्क व्ही८ वर आधारलेला आहे, आणि तोही मोठा बाइटच आधी ठेवतो. मेनफ्रेमवर सुधारलेला बाइटक्रम त्याच्याही कामाचा.

तुमचं एखादं पॅकेज डेबियनमध्ये असेल, तर त्याची एस३९०एक्सची लॉग आज उघडून बघा. बिल्ड फसलेली दिसली, तर ‘असं यंत्र वापरतं कोण’ म्हणून ती सोडून देऊ नका.