निवड चाचणी, जन्मतारीख आणि १ जूनचा घोळ

गेल्या पावसाळ्यात माझ्या मामेभावाला शाळेच्या १४ वर्षांखालच्या फुटबॉल संघात घेतलं नाही. तो घरी येऊन म्हणाला, "ताई, सर म्हणाले तू अजून लहान आहेस. पण अमुक-तमुक माझ्याच वर्गात आहेत की!" प्रश्न बरोबर होता. वयोगट एक, वर्ग एक, मग लहान म्हणजे काय? माझा पीएचडीचा विषय मुलांची शारीरिक वाढ हाच असल्यामुळे मी उत्तर द्यायला बसले आणि अडकले ते भलत्याच ठिकाणी. म्हणून हा लेख. तुमच्यापैकी जे पेटची तयारी करतायत किंवा विषय शोधतायत, त्यांना यातला अडकण्याचा भाग जास्त उपयोगी पडेल असं वाटतं.

आधी आपल्याकडे निवड होते कशी ते पाहू. शालेय स्पर्धा जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालय घेतं. आपलं नगर, म्हणजे आता अहिल्यानगर, महसुलासाठी नाशिक विभागात येतं, पण खेळासाठी पुणे विभागात. जिल्ह्यात जिंकलेली शाळा विभागावर जाते, तिथून राज्यावर, आणि राज्य स्पर्धेनंतर वेगवेगळ्या शाळांतली मुलं निवडून महाराष्ट्राचा संघ बनतो. १९६० पासून चालू असलेल्या सुब्रतो कपात मात्र शेवटपर्यंत शाळेचाच संघ खेळतो. क्रीडा प्रबोधिनीची तऱ्हा वेगळी. तिथे खेळाआधी शरीर मोजतात: उंची, वजन, ३० मीटर धावणं, शटल रन, मेडिसिन बॉल फेक वगैरे. २०२३ मध्ये एफसी बायर्न महाराष्ट्र कपसाठी तर जिल्ह्याजिल्ह्यातून १४ वर्षांखालची मुलं आली होती आणि पुढे निवडलेल्यांना म्युनिकला पाठवायचं होतं. म्हणजे शाळेच्या मैदानावरच्या एका सकाळीवर बरंच काही लटकलेलं असतं. दहावी-बारावीच्या सवलतीच्या गुणांपासून सरकारी नोकरीतल्या ५ टक्के खेळाडू आरक्षणापर्यंतचा रस्ता तिथूनच सुरू होतो.

त्या सकाळी होतं काय? शंभर मुलं, दोन-तीन सर, एक शिट्टी. थोडं धावणं, शंकूंमधून चेंडू नेणं, मग वीस-वीस मिनिटांचे छोटे सामने. एका सरांना एक मूल नीट दिसतं ते जेमतेम काही मिनिटं. एवढ्यात डोळ्यात भरतो तो उंच, जोरात किक मारणारा, धक्का लागला तरी न पडणारा मुलगा. तो मधल्या फळीत किंवा बचावात पक्का होतो. बारका चांगला खेळला तर त्याला कडेला विंगवर टाकतात, नाहीतर 'ब' संघात. आणि 'ब' संघ म्हणजे कमी सामने, कमी सराव, सरांचं कमी लक्ष. पुढच्या वर्षी 'अ' संघातला मुलगा खरोखरच सरस झालेला असतो, आणि मग सगळ्यांना वाटतं की आपली निवड बरोबरच होती!

यात सरांचा दुष्टपणा नसतो. वयोगटाची तारीख १ जानेवारी. २ जानेवारीला जन्मलेला आणि ३० डिसेंबरला जन्मलेला एकाच गटात. बाराव्या वर्षी हा फरक आयुष्याच्या बाराव्या हिश्शाएवढा होतो. शास्त्रात याला सापेक्ष वयाचा परिणाम म्हणतात. कॅनडातल्या आइस हॉकीपटूंच्या जन्मतारखांवरून बार्न्सली आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये तो पहिल्यांदा ठळकपणे मांडला. मला स्वतःला आवडतो तो बेल्जियमचा पुरावा. तिथे १९९७ पर्यंत वयोगटाची तारीख १ ऑगस्ट होती, ती फुटबॉलमध्ये १ जानेवारी झाली. हेल्सेन आणि सहकाऱ्यांनी आधीच्या आणि नंतरच्या याद्या ताडून पाहिल्या, तर ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये जन्मलेल्यांचा वरचष्मा गेला आणि जानेवारी-मार्चवाले पुढे आले. मुलं तीच, हवामान तेच, कागदावरची तारीख तेवढी बदलली. कार्यकारणभाव दाखवायला याहून स्वच्छ नैसर्गिक प्रयोग क्वचित मिळतो.

उपायावरचंही एक काम वाचण्यासारखं आहे. मान आणि व्हॅन गिनेकेन यांनी २०१७ मध्ये नेदरलँड्सच्या पीएसव्ही क्लबच्या निवडकर्त्यांना लहान मुलांचे सामने दाखवले. काहींना जन्मतारखांची यादी हातात दिली, काहींच्या सामन्यात जर्सीचे क्रमांकच वयानुसार लावले. यादी असूनही कल मोठ्या मुलांकडेच राहिला, जर्सीवरच्या क्रमांकाने मात्र तो सरला. माहिती असणं वेगळं आणि बघताना ती डोळ्यासमोर असणं वेगळं.

मला वाटलं, झालं! आपल्याकडेही हेच करू. एका ओळखीच्या सरांना म्हटलं, मुलांच्या जन्मतारखा द्या, क्रमांक लावून देते. सर हसले. म्हणाले, "यातल्या किती १ जून आहेत ते आधी मोजा."

तुमच्या घरात १ जूनचे वाढदिवस किती? माझ्या घरात तीन. जन्म घरी झाला, नोंद नाही, शाळा जूनमध्ये भरते, तेव्हा गुरुजींनी प्रवेशाच्या वेळी १ जून लिहून टाकला. जुन्या जनरल रजिस्टरमध्ये पानंच्या पानं अशी सापडतात. आता दवाखान्यात जन्म होतात, दाखले मिळतात, म्हणून प्रमाण खूप घटलंय. पण पाथर्डी-शेवगावकडून कोयता घेऊन ऊसतोडीला जाणाऱ्या घरांत जन्म कारखान्याच्या तळावरही होतो, आणि तो दाखला पुढे गावच्या शाळेत पोचतोच असं नाही.

आता हाच विदा घेऊन कुणी तिमाहीवार तक्ता केला तर काय दिसेल? एप्रिल-जूनची तिमाही फुगलेली. कायवर्ग चाचणी लगेच सार्थ निकाल देईल, आणि संशोधक लिहील की नगरमध्ये दुसऱ्या तिमाहीतल्या मुलांना फायदा होतो. सगळं साफ चूक. त्यात वर्षही अंदाजाने लिहिलेलं असेल, तर नोव्हेंबर २०१० चा मुलगा कागदावर १ जून २०११ चा होऊन खालच्या वयोगटात खेळतो.

दुसरी चूक याहून साधी आहे आणि चांगल्या प्रबंधातही दिसते. प्रत्येक तिमाहीत २५ टक्के मुलं जन्मतात असं धरून तुलना करायची. भारतात जन्म वर्षभर सारखे विखुरलेले नाहीत. तुलना करायची तर त्याच शाळांच्या पटाशी करा. त्यातही तीन याद्या लागतील: पटावरची सगळी मुलं, चाचणीला आलेली, आणि निवडलेली. पक्षपात दुसऱ्या पायरीवर घुसला की तिसऱ्या, हे त्याशिवाय कळत नाही. बारकी मुलं कित्येकदा चाचणीला येतच नाहीत. सर बिचारे त्यांना नाकारणार तरी कुठून?

मग मी म्हटलं, जन्मतारीख सोडा, शरीराची परिपक्वता मोजू. एकाच वयाच्या तेरा वर्षांच्या दोन मुलांच्या हाडांच्या वयात चार-चार वर्षांचा फरक असू शकतो, म्हणजे खरा प्रश्न तोच आहे. इंग्लंडमध्ये काही प्रीमियर लीग अकादम्यांनी वयाऐवजी परिपक्वतेनुसार गट पाडून सामने घेऊनही पाहिलेत. मिरवाल्ड यांचं २००२ चं सूत्र प्रसिद्ध आहे: उभ्याची उंची, बसलेली उंची, वजन टाका, वाढीचा झपाटा किती वर्षं पुढे किंवा मागे आहे ते कळतं. सूत्र उघडलं तर त्यात आणखी एक राशी. वय! परत १ जून. मनगटाचा एक्स-रे काढून टीडब्ल्यू-३ पद्धतीने हाडांचं वय काढता येतं, पण शाळेच्या संघासाठी दीडशे मुलांचे एक्स-रे कोण काढणार, आणि का काढावेत?

शेवटी जे उरलं ते फारच साधं निघालं. उंची दर तीन महिन्यांनी मोजायची. सकाळी, अनवाणी, त्याच भिंतीला, त्याच माणसाने. मुलग्यांत वाढीचा सर्वांत वेगाचा काळ सरासरी चौदाव्या वर्षाच्या आसपास येतो, मुलींत साधारण दोन वर्षं आधी, आणि तेव्हा मुलगे वर्षाला ९-१० सेंटिमीटरपर्यंत वाढतात. तिमाहीत दोन-अडीच सेंटिमीटर वाढणारा मुलगा त्या झपाट्यात आहे, एक-सव्वावाला बहुधा अजून पोचलेला नाही किंवा पार झालाय. यातलं कुठलं, ते चेहऱ्यावरून आणि आवाजावरून सरांना कळतंच. याला जन्मतारीख लागत नाही. मोजणीची चूक मात्र पाच मिलिमीटरची झाली तरी आकडा बिघडतो, म्हणून प्रत्येक उंची दोनदा घ्या आणि दोन्ही आकडे लिहून ठेवा.

सरांनी शाळेच्या व्हरांड्यात पट्टी रंगवून घेतलीय. मामेभावाच्या घरी दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या तीन खुणा झाल्यात. पहिल्या दोनमध्ये अंतर १.१ सेंटिमीटर होतं, दुसऱ्या-तिसऱ्यात १.९. तो रोज जाऊन उभा राहतो. रोज मोजायचं नसतं, हे त्याला अजून पटलेलं नाही.